वर्ग बंद करून पत्रक हाती देऊ नका

जुनाट वेदनांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि तिथले डॉक्टर यांना,

स. न. वि. वि.

मी गेली बरीच वर्षं कंबरदुखीची रुग्ण आहे आणि पेशाने शिक्षिका आहे. मी जिथे उपचार घेते तिथल्या वेदनाचिकित्सा विभागात दर आठवड्याला आम्हा रुग्णांचा एक वर्ग भरायचा. एक फिजिओथेरपिस्ट, एक मानसशास्त्रज्ञ, अधूनमधून स्वतः डॉक्टर, आणि समोर आम्ही: कुणाची मान, कुणाचा गुडघा, कुणाचं सगळं अंगच दुखणारं. तो वर्ग आता बंद झाला आहे. कारण विचारलं तेव्हा सांगण्यात आलं की रुग्ण वाढले आहेत, माणसं अपुरी आहेत, आणि वर्गात जे सांगितलं जातं ते सगळं पत्रकात छापलेलं आहे. शिवाय मोबाइलवर व्हिडिओही पाहता येतात.

हे उत्तर मला मान्य नाही, आणि ते गप्प बसून ऐकून घेणंही मला जमणार नाही. रुग्णालयाचं नाव मी घेत नाही, कारण प्रश्न एकाच ठिकाणाचा नाही. असा वर्ग मुळात सुरूच झालेला नाही अशी रुग्णालयंही आहेत, आणि तिथल्या रुग्णांना आपलं काय हुकतंय हेदेखील कळायला मार्ग नाही.

माझा या विषयाशी काय संबंध, ते आधी सांगते. दुखणं सुरू झालं तेव्हा एमआरआय पाहून मला सांगितलं गेलं, ‘मणक्यांमधली गादी सरकली आहे. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जपून राहायचं.’ मी ते तंतोतंत पाळलं. कमरेला पट्टा बांधला. खाली पडलेला खडू उचलायला मुलांना हाक मारू लागले, मग खुर्चीत बसून शिकवू लागले, मग फळ्यावर लिहिणंच कमी केलं. पायांतलं बळ गेलं, झोप गेली, दुखणं मात्र होतं तिथेच राहिलं. त्या सूचनांना मुदत नव्हती. कुठवर जपायचं आणि कधी थांबवायचं, हे सांगायची गरज कुणालाच वाटली नाही.

रुग्णांच्या वर्गात फिजिओथेरपिस्टने मला पुन्हा वाकायला लावलं. हळूहळू, श्वास न रोखता, सगळ्यांसमोर. वाकले तेव्हा दुखलं. तिने विचारलं, ‘दुखलं, बरोबर. काही मोडलं का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू.’ आणि पुढच्या आठवड्यात तिने खरोखरच आठवणीने विचारलं. माझं दुखणं गेलेलं नाही, ते आजही आहे. पण मी पूर्ण तास उभी राहून शिकवते, रात्री झोपते, आणि खाली पडलेला खडू स्वतः उचलते. हे पत्रक वाचून झालेलं नाही. तशी पत्रकं माझ्या फाइलीत आधीपासूनच होती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी की माहिती देणं आणि शिकवणं यांत तुम्ही फरकच करत नाही. मी शिक्षिका आहे. पाठ्यपुस्तक छापून झालं म्हणून शाळा बंद करा असं मला कुणी सांगितलं तर मी जे उत्तर देईन, तेच इथेही देते आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी ४० ते ८० टक्के रुग्ण लगेच विसरतात, आणि जे लक्षात राहतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं राहतं, असं वैद्यकीय साहित्यात वर्षानुवर्षं नमूद केलं जातं. वेदनेने आणि जागरणाने थकलेला माणूस तर आणखीच कमी धरून ठेवतो. आणि लक्षात राहिलं तरी माणूस तसं वागेलच असं कुठे आहे?

इथे एक आक्षेप येईल, तो मीच मांडते. ऑस्ट्रेलियात २०२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबरदुखी सुरू झालेल्या आणि ती लांबण्याचा धोका असलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना एकेक तासाच्या दोन बैठकांत वेदनेचं शास्त्र नीट समजावून सांगितलं. उरलेल्यांचं बोलणं तितकाच वेळ फक्त आपुलकीने ऐकून घेतलं. तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या वेदनेत फरक दिसला नाही. म्हणून ‘शिक्षणाचा उपयोग नाही’ असं कुणी म्हणेल. मला त्यातून नेमकं उलट दिसतं. जाणकार माणसाने समोर बसून दोन तास समजावलेलं जर पुरत नसेल, तर घडी घातलेला कागद कसा पुरेल? हा पुरावा वर्गाच्या विरोधात नाही, पत्रकाच्या विरोधात आहे.

शिक्षणाला सराव आणि सोबत जोडली की काय होतं तेही पाहा. २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्याच ४९२ कंबरदुखीच्या रुग्णांचा अभ्यास आला. फिजिओथेरपिस्टने रुग्णाची वेदनेबद्दलची समजूत, त्याची भीती आणि त्याच्या हालचाली या तिन्हींवर एकत्र काम केलं. १२ आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी, आणि २६व्या आठवड्यात एक उजळणीची भेट. त्याचा फायदा वर्षभर टिकला. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात ७०१ लोकांचा आणखी एक अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या लोकांना टप्प्याटप्प्याने चालण्याचा कार्यक्रम आणि सोबत शिक्षण दिलं. त्यांच्यातल्या निम्म्या जणांचं दुखणं पुन्हा उलटायला २०८ दिवस लागले, ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यातल्या निम्म्यांचं ११२ दिवसांतच उलटलं. चालणं फुकट असतं. खर्च होता तो कुणीतरी शिकवण्याचा आणि वरचेवर विचारपूस करण्याचा.

सवय बदलणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे ज्यांना दुखत नाही त्यांच्या लक्षात येत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. आम्हा जुन्या दुखणाईतांचा एक ठरलेला फेरा असतो. एखाद्या दिवशी बरं वाटलं की साठलेली सगळी कामं आम्ही त्याच दिवशी उरकतो. मग पुढचे दोन-तीन दिवस आडवे. उठल्यावर पुन्हा साठलेली कामं समोर. असं करता करता चांगले दिवस कमी होत जातात आणि प्रत्येक हालचालीची धास्ती बसते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांतच यावरची वाट दाखवली होती. दुखेपर्यंत काम करायचं नाही, आणि दुखलं म्हणून सोडायचंही नाही. काम आधी ठरवलेल्या मापाने करायचं. वाईट दिवशीही जमेल एवढं माप शोधायचं, तिथून सुरुवात करायची, थोडं थोडं वाढवत न्यायचं.

वाचायला हे दोन ओळींत संपतं. करायला फार अवघड आहे, आणि त्यातही अवघड भाग वाईट दिवसाचा नसतो, चांगल्या दिवसाचा असतो. अंगात उत्साह असताना, काम अर्धवट दिसत असताना, घड्याळ बघून थांबायचं. कुणीही थांबत नाही. आम्ही वहीत लिहून आणायचो, आणि वर्गात ती वही वाचून मानसशास्त्रज्ञ विचारायचे, ‘मंगळवारी एवढं का केलंत?’ त्यावर कुणी म्हणायचं, पाहुणे येणार होते. कुणी म्हणायचं, घरात सगळे बघत होते, थांबायची लाज वाटली. खरं कारण तिथे बाहेर यायचं. मग पाहुणे येणार असले तर काय करायचं यावर बोलणं व्हायचं, आणि शेजारी बसलेला एखादा जुना रुग्ण स्वतःची युक्ती सांगायचा. हे सगळं व्हिडिओत कुठून येणार?

दुसरी तक्रार तुमच्या शब्दांबद्दल आहे. ‘मणके झिजलेत’, ‘गादी फाटली आहे’, ‘पाठ साठीतल्या माणसाची झाली आहे’. हे शब्द तुमच्या तोंडून सहज जातात आणि आमच्या डोक्यात कायमचे बसतात. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ९८ जणांचे एमआरआय काढून केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला; त्यांतल्या ६४ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये काही ना काही दोष सापडला. २०१५ साली अशा ३,११० वेदनामुक्त लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या, तर विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. केस पिकावेत तशा त्या झिजतात. रिपोर्ट हातात देताना ही एवढी गोष्ट सांगायला एक मिनिट लागतं. माझ्या रिपोर्टच्या वेळी ते एक मिनिट कुणी दिलं नाही, आणि त्यामुळे मी काय काय सोडून दिलं ते वर लिहिलंच आहे.

विश्रांतीचंही तसंच. दोन दिवस झोपून राहणं आणि सात दिवस झोपून राहणं यांची तुलना १९८६ साली झाली होती. दोन दिवसांचा सल्ला मिळालेल्यांचे कामावरचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी होते आणि बाकी कशात ते मागे नव्हते. १९९५ साली फिनलंडमधल्या अभ्यासात तर झेपेल तशी रोजची कामं चालू ठेवणारे सगळ्यांत लवकर सुधारले. एवढी वर्षं उलटली तरी ‘आराम करा’ हाच सल्ला आम्हाला मिळतो, तोही किती दिवस ते न सांगता. पायातली ताकद झपाट्याने जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, विनाकारण घटणारं वजन, मोठी दुखापत या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची तातडीने तपासणी व्हायलाच हवी, हेही वर्गातच आम्हाला शिकवलं होतं. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे दोन्ही कळलं तरच माणूस हालचाल करायला धजतो.

तिसरी तक्रार लिहिताना मला राग आवरावा लागतो आहे. रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही की ‘हे मानसिक आहे’ असं सांगून आमची बोळवण होते. मानसशास्त्रज्ञाकडे पाठवणं हे सगळे उपाय थकल्यावरचं शेवटचं टोक असल्यासारखं सुचवलं जातं, म्हणून रुग्णाला तो अपमान वाटतो आणि तो जात नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून येणारा अनुभव आहे, तिच्यावर शरीर, मन आणि समाज या तिघांचाही कमीअधिक परिणाम होतो, आणि दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. मज्जारज्जूमध्ये वेदनेचे संदेश कमीजास्त होऊ शकतात, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यात भाग घेतात, हा विचार मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ सालीच मांडला होता. दुखणं लांबलं की मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील होऊन बसू शकते, हेही आता सर्वमान्य आहे. म्हणजे रिपोर्ट स्वच्छ असतानाही वेदना पूर्ण खरी असते. डॉक्टर, हे तुम्हाला माहीत आहे. मग आम्हाला का सांगत नाही?

याच तक्रारीचं दुसरं अंग म्हणजे दोष. ‘तुम्ही व्यायाम करत नाही, मग बरं कसं वाटणार?’ वागणूक बदलण्याची भाषा फार सहज रुग्णावर ठपका ठेवण्याची भाषा होते. आमच्या वर्गात एक बाई होत्या. दिवसभर उभ्याचं काम, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, रात्री तीनदा उठणं. त्यांना ‘रोज अर्धा तास व्यायाम’ असं लिहून दिलेलं होतं. वर्गात त्यांच्याबरोबर बसून दिवसाचे तुकडे पाडले गेले: सासूबाईंना उचलून बसवताना कसं उभं राहायचं, कामावर पाय कधी बदलायचे, कुठली दोन मिनिटं खरोखर त्यांची स्वतःची आहेत. त्या सुधारल्या. आधी त्या आळशी होत्या आणि नंतर कष्टाळू झाल्या असं काही घडलं नव्हतं. त्यांना मिळणारा सल्ला त्यांच्या आयुष्याच्या मापाचा झाला होता.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. वर्षभर तुलना केली तरी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या गोळ्या साध्या वेदनाशामकांपेक्षा सरस ठरल्या नाहीत, हे कंबर, गुडघा आणि खुब्याच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांवर केलेल्या आणि २०१८ साली आलेल्या अभ्यासात दिसलं. उपचार कसे करावेत याच्या सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये, ज्या जुनाट वेदनेचं दुसरं कारण सापडत नाही तिच्यासाठी पॅरासिटामॉलसुद्धा सुरू करू नका असं सांगितलं आणि व्यायाम व मानसशास्त्रीय उपचारांवर भर दिला. गोळ्या कमी करायला आमची तयारी आहे. पण त्या एकाएकी तोडणं धोक्याचं असतं, आणि एका हाताने गोळ्या काढून घेताना दुसऱ्या हाताने वर्गही काढून घेतला तर रुग्णाकडे उरतं काय?

घरच्यांना तुम्ही या सगळ्यात धरतच नाही. कुणाच्या घरी उचलून पाणीही पिऊ देत नाहीत, कुणाच्या घरी दुखण्यावर विश्वासच ठेवत नाहीत. दोन्हींनी माणूस खचतो. आमच्या वर्गात एकदा घरच्यांनाही बोलावलं होतं. त्या दिवसानंतर माझ्या नवऱ्याने ‘आज दुखतंय का?’ विचारणं सोडून ‘आज काय काय केलंस?’ विचारायला सुरुवात केली, आणि माझं उत्तरही बदललं.

राहिला प्रश्न माणसं अपुरी असण्याचा. तो खोटा नाही, मी तो मान्य करते. पण त्यावर उपाय शोधून झालेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी आठवड्याला दोन तास असा सहा आठवड्यांचा वर्ग बसवला आणि तो चालवायला प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं, त्यांत स्वतः संधिवात असलेलेही, उभी केली. चार वर्षांनंतरची पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. सांध्यांचा आजार पुढे सरकला होता, अपंगत्व ९ टक्क्यांनी वाढलं होतं, तरी वेदना सरासरी २० टक्क्यांनी आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आणि हा फरक कशाने पडला? किती व्यायाम केला यापेक्षा ‘मला हे सांभाळता येईल’ हा विश्वास किती वाढला, त्याच्याशी तो जास्त जुळला. ज्यांच्या ओपीडीत रांगा लागतात त्यांनी त्या ४० टक्क्यांकडे जरूर बघावं. वर ज्या ४९२ रुग्णांच्या अभ्यासाबद्दल लिहिलं, त्यातही कामाचे बुडालेले दिवस वगैरे धरून समाजाचा खर्च माणशी ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक वाचला होता. वर्ग बंद करून तुमचा हिशेब या महिन्यापुरता जुळत असेल. तो खर्च आमच्या रजांमध्ये, आमच्या पगारात आणि तुमच्याच ओपीडीत पुन्हा उगवतो.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

बंद केलेले वर्ग पुन्हा सुरू करा, आणि जिथे नाहीत तिथे सुरू करा. निदान सहा आठवडे सलग, आणि त्यानंतर काही महिन्यांनी उजळणी. ज्यांना येणं शक्य नाही त्यांना व्हिडिओ पाठवून मोकळे होऊ नका. ठरलेल्या दिवशी फोन करून त्यांच्याशी बोला.

माणसं कमी असतील तर आम्हाला प्रशिक्षण द्या. वर्गातून गेलेले रुग्ण, मी धरून, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली नव्या रुग्णांसोबत बसायला तयार आहोत.

एमआरआय किंवा एक्स-रेचा रिपोर्ट देताना, त्या वयाच्या न दुखणाऱ्या लोकांतही हे कितपत आढळतं, ते त्याच वेळी सांगा. ‘जपून राहा’ म्हणायचं असेल तर किती दिवस आणि त्यानंतर काय, तेही सांगा.

समजावून झालं की रुग्णाला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. आम्ही शिक्षक रोज हेच करतो, त्याला यंत्र लागत नाही.

मानसशास्त्रज्ञाची भेट पहिल्यापासून उपचारात ठेवा, सगळे उपाय हरल्यावर नको. गोळ्या कमी करायच्या तर हळूहळू, रुग्णाशी ठरवून आणि वर्ग चालू ठेवून करा.

आणि उपचार लागू पडला की नाही हे फक्त ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतं’ एवढ्यावर ठरवू नका. झोप किती मिळते, काम किती होतं, काय करायची भीती कमी झाली, हे विचारा आणि केसपेपरवर लिहा. वर्ग बंद करताना यांतला कुठला आकडा पाहून निर्णय घेतला, तो असेल तर जाहीर करा.

या पत्राचं उत्तर मला एकटीला पाठवू नका. ते लेखी द्या आणि ओपीडीच्या सूचना फलकावर लावा, म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना वाचता येईल.

कळावे,
आपली,
एक रुग्ण आणि शिक्षिका